रडू आलं म्हणजे दुःखच असं नाही

स्ट्रोकनंतर नवरा साध्या जाहिरातीवरही हुंदके देतो आणि बायकोला वाटतं आपलंच काही चुकलं. तसं नसतं. मेंदूचा रडण्या-हसण्यावरचा लगाम सुटला की असं होतं. बहुधा दोन-चार मिनिटांत ओसरतं. त्या वेळी "का रडताय?" विचारू नका, रडू वाढतं. पाण्याचा पेला पुढे करा, विषय बदला. यावर औषधं आहेत, न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून सांगा. मात्र दोन आठवडे सलग उदासी, जेवण नको, व्यायाम नको, असं असेल तर नैराश्याची तपासणी हवीच.

स्ट्रोकने वाचा गेलेल्याच्या तोंडून 'पाणी' निघत नाही, पण शिवी स्वच्छ निघते! तोंडात बसलेले शब्द आपसूक येतात. ती शिवी बायकोला नसते. प्रश्न हो-नाहीचा, एका वेळी एकच, आणि उत्तरासाठी १० सेकंद थांबायचं.

आणि तिची झोप? दर दोन तासांनी नवऱ्याची कूस बदलायला तीच उठत असेल तर चिडचिड होणारच. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्या दिराला वार नेमून द्या, मंगळवार-शुक्रवारची रात्र त्याची. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास, मोफत; तो तिनेही फिरवावा.