फोन बंद केला म्हणून मन थांबते का? पास्कलचं ऐका जरा

सदरचा_पोट्टा
लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ, आला की आमच्याकडे ख्रिस्ती घरात दरवर्षी काहीतरी सोडायचं असते. आधी मटण होतं, मग सिनेमा झाला, आता रील्स. रविवारी प्रवचनात फादर म्हणाले चाळीस दिवस इन्स्टा बंद ठेवा, मन आपोआप देवाकडे वळेल. मला ते "आपोआप" काही पटून नाही राहिलं, म्हणून हा धागा.

ब्लेझ पास्कल, १६२३ ते १६६२, फ्रेंच माणूस. विशीच्या आतबाहेर असताना यानं बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवलं, १६४८ मध्ये मेव्हण्याला पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर पाठवलं आणि हवेला वजन असते हे दाखवून दिलं. शेवटी ख्रिस्ती धर्माच्या बाजूनं मोठा ग्रंथ लिहायला घेतला, पण ३९ व्या वर्षी गेला, मागे राहिला चिठ्ठ्याचपाट्यांचा ढीग, तोच १६७० मध्ये 'पाँसे', म्हणजे 'विचार', या नावानं छापला. त्यातलं एक वाक्य सगळे फॉरवर्ड करतात, की माणसाची सगळी दुःखं एकाच गोष्टीतून येतात, त्याला एका खोलीत गुपचूप बसता येत नाही. पुढचं कोणी वाचत नाही. पुढे तो म्हणतो, दिवसभर सशामागे धावणाऱ्या शिकाऱ्याला तोच ससा आयता आणून दिला तर तो घेणार नाही. जुगाऱ्याला रोज सकाळी तो जिंकला असता तेवढे पैसे देऊन टाका, अट एकच, खेळायचं नाही, तर तो रडत बसेल. आणि पैसे न लावता नुसतं खेळ म्हटलं तरी बोअर होईल.

म्हणजे ससाही नको, पैसेही नको. मी कोण, मरणार कधी, मेल्यावर काय, एवढा विचार समोर यायला नको म्हणून ही धावाधाव. फोन हा फक्त आजचा ससा आहे. श्रद्धा नसताना डिटॉक्स केला तर सशाऐवजी हरीण येईल, दुसरं काय होणार. बोला.

खामला_टू_बुटीबोरी
भाऊ, खोलीत एकटं बसायला आधी खोली लागते न. आमच्या दोन खोल्यांत सहा जण, मी एकटा बसतो तो बाथरूममध्ये, तिथंही कोणीतरी दार ठोकते. पास्कलचा बाप टॅक्सचा अधिकारी होता, ते यंत्रसुद्धा बापाचा हिशोब सोपा व्हावा म्हणून बनवलं होतं, मग असल्या घरातल्या माणसाले एकांत सुचणारच. मी एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून येतो तेव्हा मले मरणाचा विचार टाळायचा नसते, मले फक्त डोकं बंद करायचं असते. थकलेल्या माणसाच्या करमणुकीले आत्म्याचा रोग म्हणणं हे पोट भरलेल्याचं तत्त्वज्ञान आहे.

सदरचा_पोट्टा
@खामला तो तुझ्यावर बोलूनच नाही राहिला, उलट राजावर बोलून राहिला. म्हणतो राजाकडे सगळं आहे, तरी त्याला विचार करायला एकटं सोडा, सगळ्यात दुःखी माणूस तोच निघेल. म्हणून तर दरबारात एवढी माणसं ठेवतात, राजाचा एक तासही रिकामा जाऊ नये यासाठी. रोग पोट भरलेल्यांना जास्त आहे हे तोच सांगून राहिला.

गणित_ताई
पास्कल मी वर्गात शिकवते, त्यामुळे थोडं बोलते. दुसऱ्यांना खोलीत बसा सांगणारा हा माणूस स्वतः कुठे बसला? १६५८ मध्ये दात इतका दुखत होता की झोप येईना, म्हणून त्यानं चक्रजाचा, म्हणजे फिरत्या चाकावरच्या एका बिंदूच्या वाटेचा विचार सुरू केला, आणि म्हणे दुखणं गेलं. मग टोपणनावानं युरोपभरच्या गणितज्ञांना बक्षिसाचं आव्हान दिलं. ही करमणूक नाही तर काय? जुगाऱ्याला नावं ठेवतो, पण १६५४ मध्ये फर्मा या गणितज्ञाबरोबर पत्रं लिहिली ती अर्धवट सुटलेल्या जुगाराचे पैसे कसे वाटायचे यावरच, संभाव्यतेचं गणित तिथून उभं राहिलं. आणि १६६२ मध्ये, मरायच्या काही महिने आधी, पॅरिसमध्ये पाच सोल (तेव्हाचं फ्रेंच नाणं) भाड्याच्या सार्वजनिक घोडागाड्या सुरू करण्यात हा पुढे! ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, आपल्या सिटी बसची पणजीच म्हणा. लोकांना घरात बसवायचं सोडून गावभर फिरवायची सोय करून गेला.

व्होल्तेर या फ्रेंच लेखकानं १७३४ मध्ये पास्कलला हेच सुनावलं होतं, की आगीनं वर जावं तसा माणूस काम करण्यासाठीच जन्मतो, काहीच न करता स्वतःकडे बघत बसणं ही काही मोठेपणाची खूण नाही. मला व्होल्तेर पटतो.

सदरचा_पोट्टा
ताई, दाताचं तर माझ्याच बाजूचं झालं. आतून माहीत होतं म्हणून तर एवढं नेमकं लिहू शकला. आणि तो विचाराच्या विरोधात नाहीच आहे. माणूस म्हणजे बोरू, निसर्गातला सगळ्यात लेचापेचा, मारायला पाण्याचा एक थेंब पुरे, पण विचार करणारा बोरू. विश्वानं चिरडलं तरी चिरडणाऱ्यापेक्षा मोठा, कारण आपण मरून राहिलो हे त्याला कळते, विश्वाला कळत नाही. व्होल्तेरनं कामाचं कौतुक केलं, बरोबर आहे, पण काम संपल्यावर जी भीती वाटते तिचं काय ते नाही सांगितलं.

इंदोरा_चौक
जय भीम. खोलीत बसायला देव लागतो हे कोणी ठरवलं? मन माकडासारखं उड्या मारते हे धम्मात फार आधीपासून सांगितलेलं आहे, नुसतं निदान नाही, सरावही दिला आहे. विपश्यनेला बसतो तेव्हा मरणाचा विचार येतो, येऊ देतो, जातो. पळायचंही नाही आणि कोणाला शरणही जायचं नाही.

आणि विचार म्हणजे एकांतच हेही मला मान्य नाही. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथं नागपुरात, लाखो लोकांसोबत उघड्या मैदानात. मध्ये २१ वर्षं. धर्म तपासत, वाचत, लोकांशी बोलत, राजकारण करत घालवलेली. एवढा विचार करून माणूस देवाशिवायच्या धम्माकडे गेला. तुमचा पास्कल म्हणतो नीट विचार केला की देवाकडेच जाशील. का म्हणून?

सदरचा_पोट्टा
@इंदोरा हा प्रश्न जबरदस्त आहे. पास्कलसमोर तुम्ही नव्हता, त्याच्यासमोर एपिक्टेटस होता, स्टोइक, म्हणजे मनावर ताबा ठेवा सांगणाऱ्या जुन्या ग्रीक पंथाचा. त्याच्याबद्दल म्हणतो की याला माणसाचं कर्तव्य नीट कळलं, पण ते आपल्याच ताकदीवर जमेल असं वाटलं, तिथं अहंकार आला. माणूस मोठाही आहे आणि फुटलेलाही आहे, दोन्ही एकदम सांगणारा त्याला फक्त ख्रिस्तात सापडला. तुम्हाला पटेल असं नाही, पण त्याचं "का" हे आहे.

इंदोरा_चौक
स्वतःच्या ताकदीवर उभं राहण्याला अहंकार म्हणणं हे ज्यांना कधी कोणी झुकवलं नाही त्यांना सुचते. आमच्या आजोबांना पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं होतं, तुझ्यात काही नाही, वर बघ.

सेमिनरी_हिल्स_आंटी
मुलांनो, मी माळ जपता जपता कुकरच्या शिट्ट्या मोजणारी बाई, त्यामुळे या विषयात माझा अनुभव दांडगा 😄

पहिलं म्हणजे फोनच्या फार आधीपासून हे आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचे साधू होते, ३९९ मध्ये वारले. त्यांनी दुपारच्या सैतानाचं वर्णन केलं आहे. सकाळी दहाच्या सुमारास येतो, दोनपर्यंत सोडत नाही, सूर्य हलतच नाही असं वाटते, साधू सारखा खिडकीतून बघतो की जेवणाची वेळ झाली का. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी कोणालाही विचारा, हा सैतान ओळखीचा निघेल. संत ऑगस्टीन तर कबूल करतात की घरी बसलो असताना पाल माश्या पकडते ते बघण्यात मन अडकते. बिशप माणूस, आणि पालीत अडकला!

दुसरं, पोट्ट्या तुझ्यासाठी. तू पास्कलचा अर्धाच भाग सांगितला. देव आहे असं धरून जगणं हीच फायद्याची पैज, असं तो ज्यात सांगतो त्या प्रसिद्ध तुकड्यात समोरचा म्हणतो, मला पटते पण विश्वास बसत नाही, काय करू? पास्कल त्याला अजून युक्तिवाद देत नाही. म्हणतो, ज्यांना जमलं त्यांनी केलं तसं कर, पवित्र पाणी घे, मिस्सा म्हणजे चर्चची मुख्य उपासना करवून घे, सवयीनं होईल. मग फादर वेगळं काय म्हणाले? रील्स सोड, देह आधी वळव, मन मागून येईल. तुझ्या पास्कलनंच तुझा "आपोआप"वरचा आक्षेप खोडला की.

गणित_ताई
आंटी 👏👏 पण माझा आक्षेप याच जागेवर आहे. सवयीनं विश्वास बसतो तर सवयीनं काहीही बसते. पवित्र पाण्यानं ख्रिस्त खरा ठरत नाही, फक्त शंका थकते.

खामला_टू_बुटीबोरी
आणि भाऊ धर्म हाच मोठा ससा असेल तर? क्वायरची प्रॅक्टिस, नाताळचा फेट म्हणजे चर्चची जत्रा, आमच्याकडे गणपतीची वर्गणी, मंडळाची भांडणं, वर्षभर कार्यक्रम. देवाबद्दल विचार करायले वेळ कोनाले आहे बाप्पा, सगळे देवाच्या कामात बिझी!

सेमिनरी_हिल्स_आंटी
@खामला हे मात्र खरं आहे रे, फेटच्या कमिटीत मी होते, मला नको सांगू. पण गर्दी नेहमी पळवाटच असते असंही नाही. रेव्हरंड टिळक घे, फुलामुलांचे कवी. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी पाद्र्याशी गप्पा झाल्या, त्यानं नवा करार हातात दिला, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. एकांत नाही, काही नाही, रेल्वेचा डबा. दोघांच्या कानात इअरबड्स असते तर?

सदरचा_पोट्टा
आंटी, सवयीचं तुमचं बरोबर आहे, त्या तुकड्यात ते आहेच. पण पास्कलचं स्वतःचं सवयीनं नाही झालं. २३ नोव्हेंबर १६५४ ची रात्र, साडेदहा ते साडेबारा, काय झालं ते कोणाला बोलला नाही. कागदावर लिहिलं, आग, अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नाही. तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला, मेल्यावर नोकराला सापडला. हे चाळीस दिवसांच्या चॅलेंजनं येत नाही. सवय खोली झाडून ठेवते, येणारा येईल तेव्हा येईल.

खामला_टू_बुटीबोरी
आणि नाहीच आला तर? ज्याच्याकडे तशी रात्र आली नाही त्यानं झाडूच मारत बसायचं? पास्कल ज्या पोर्ट रॉयल मठवाल्यांसोबत होता ते यान्सेनवादी, म्हणजे यान्सेन नावाच्या बिशपले मानणारे कॅथलिक, म्हणत, देवाची कृपा ज्याले मिळायची त्यालेच मिळते. त्यांच्यातली पाच विधानं पोपनं १६५३ मध्ये चूक ठरवली होती, म्हणजे चर्चलेही हे पचलं नाही. मग मी काय वाईट करून राहिलो रील पाहून?

सदरचा_पोट्टा
कृपेच्या वाटपावर मी पण पास्कलसोबत नाही, तिथं पोपच बरोबर. रीलवर मात्र ठाम आहे. बुटीबोरीच्या बसमध्ये बघ, पण सुट्टीच्या दिवशी झोप पूर्ण झाल्यावरही का बघतो ते सांग.

खामला_टू_बुटीबोरी
सुट्टी कोनाले आहे बे.

इंदोरा_चौक
@खामला कधी ध्यानाला ये आमच्याकडे. हॉल आहे, कूलर आहे, देवाची अट नाही.

सेमिनरी_हिल्स_आंटी
कूलर आमच्याकडेही आहे हो. शिवाय मिस्सा झाल्यावर चहा.