दहा मरॉडर गेली, एकही परतलं नाही: दोष विमानाचा की हुकमाचा?

दुर्बीणवाला

बी-२६ मरॉडर या अमेरिकी मध्यम बॉम्बरचा विषय निघाला की 'विधवा करणारं विमान' हे त्याचं टोपणनाव आधी येतं, आणि पाठोपाठ पुरावा म्हणून आयमाउडेन. माझं मत उलट आहे. आयमाउडेनला विमान नापास झालं नाही, हुकूम नापास झाला.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १४ मे १९४३ ला अमेरिकेच्या ३२२ व्या बॉम्बर ग्रुपची डझनभर मरॉडर इंग्लंडमधल्या बरी सेंट एडमंड्सच्या तळावरून हॉलंडला गेली. लक्ष्य होतं आयमाउडेनजवळचं वीजकेंद्र. समुद्रावरून जाताना उंची पन्नासेक फूट, म्हणजे रडारला दिसू नये इतकी. बॉम्बना अर्ध्या तासाचे विलंबी फ्यूज लावलेले, कारण केंद्रातले कामगार डच होते आणि त्यांना बाहेर पडायला वेळ द्यायचा होता. परतताना एक विमान गेलं. त्यातल्या बाकीच्यांनी पॅराशूटने उड्या मारल्या, वैमानिक मेला. नंतर टेहळणीचे फोटो आले, तर वीजकेंद्र जागच्या जागी उभं!

तीनच दिवसांनी, १७ मे रोजी, पुन्हा तेच लक्ष्य, जोडीला हार्लेमचं वीजकेंद्र. पुन्हा तीच उंची, सोबत लढाऊ विमानं नाहीत. ग्रुपचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल स्टिलमन याने विरोध केला, पण वरून हुकूम कायम राहिला. ११ विमानं उडाली. एक बिघाडामुळे किनारा गाठायच्या आधीच मागे वळलं. वळताना ते वर चढलं आणि जर्मन रडारला तिथेच सुगावा लागला, असं सांगतात. उरलेली १० वाट चुकून बरीच दक्षिणेला, मास नदीच्या मुखाकडे किनाऱ्याला लागली, जिथे विमानभेदी तोफांची दाटी होती. दहाच्या दहा गेली. त्यांत ६० माणसं. स्टिलमन जिवंत सापडला आणि कैदी झाला. दोघांना काही दिवसांनी समुद्रातून उचललं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तिसऱ्या दिवशी तेच उकळतं दूध पुन्हा घशात ओतलं. विमानाने काय करायचं होतं?

सातारकर

असहमत. टोपणनाव हवेतून आलेलं नाही. पहिल्या मॉडेलच्या पंखांचा पसारा ६५ फूट आणि वजन भरमसाट. उतरताना वेग इतका ठेवावा लागे की नवशिक्या पोरांची गाळण उडायची. एक इंजिन बंद पडलं तर सावरायला सेकंदांचाच हिशेब. फ्लोरिडातल्या मॅकडिल तळावर 'दिवसाला एक, टॅम्पाच्या खाडीत' अशी म्हण पडली होती. ती जर्मनांनी नव्हती पाडली. सिनेटच्या ट्रूमन समितीने या विमानाची चौकशी केली, पुढे पंख ७१ फुटांचे करावे लागले. विमानात खोट नव्हती तर पंख कशाला वाढवले?

आणखी एक. ५० फुटांवर गोळी लागली तर पॅराशूट उघडायला जागाच नाही. अशा उंचीवर, असल्या वेगाच्या विमानात सहा जणांना बसवणं यात विमान आणि हुकूम वेगळे कसे काढता?

दुर्बीणवाला

सातारकर, मॅकडिलचे अपघात प्रशिक्षणाचे. दोन इंजिनांचा तासभर अनुभव नसलेली पोरं थेट मरॉडरवर बसवली, त्याचे. तिथेही विमानाइतकाच घाईचा दोष.

आणि आयमाउडेननंतर काय झालं ते बघा. जमिनीलगतचे हल्ले बंद. जुलैपासून १० ते १२ हजार फुटांवरून, घट्ट रचनेत, स्पिटफायर लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात जायला लागले. विमान तेच. युरोपच्या आघाडीवर मरॉडरचं नुकसान दर उड्डाणामागे अर्ध्या टक्क्याच्या खाली आलं. अमेरिकी बॉम्बरांत सगळ्यात कमी. 'फ्लॅक बेट' नावाचं मरॉडर २०० हून जास्त मोहिमा करून, हजाराहून जास्त भोकं अंगावर घेऊन युद्ध संपेपर्यंत टिकलं. ते कुठल्या ग्रुपचं होतं? ३२२ व्या!

मृदुला_एम

अर्धा टक्का ऐकायला फार गोड लागतं. जरा हिशेब करा. एका खेपेला विमान परत येण्याची शक्यता ९९.५ टक्के धरा. ६५ खेपा करायच्या असतील तर ०.९९५ चा ६५ वा घात घ्यावा लागेल. उत्तर येतं साधारण ०.७२. म्हणजे शंभरातली २८ विमानं पूर्ण फेरी काढू शकत नाहीत. प्रत्येक विमान गेलं म्हणजे सगळी माणसं गेली असं नव्हे, पॅराशूट होती, काही कैदी झाले. तरीही 'सगळ्यात कमी नुकसान' हे वाक्य मुख्यालयातल्या भिंतीवरच्या तक्त्यासाठी आहे. मशीनगनच्या काचेमागे बसलेल्या विशीतल्या पोराला ते सांगून बघा.

शिवाय सरासरीत वाईट दिवस विरघळून जातात. २३ डिसेंबर १९४४, आर्डेन्सची लढाई ऐन भरात. मरॉडरचा ३९१ वा ग्रुप जर्मनीतल्या आरवायलरच्या रेल्वे पुलावर गेला. पहाऱ्याची लढाऊ विमानं भेटलीच नाहीत. तरी पुढे गेले. ३० पैकी १६ विमानं पडली. उंची वाढवलेली होती, रचना घट्ट होती, वैमानिक मुरलेले होते. तुमचा 'सुधारित मरॉडर' तो हाच ना?

दुर्बीणवाला

हाच. आणि माझ्याच बाजूने बोलतोय. पहारा नव्हता, तरी पाठवले.

बिनतारी

मी बिनतारीच्या कामात वायुदलात होतो, तेव्हा हुकूम देणाऱ्याची खुर्ची लांबून पाहिलेली आहे. आज नकाशा पसरून, दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवून 'मूर्खपणा' म्हणणं सोपं असतं. मे १९४३ मध्ये त्या लोकांकडे काय होतं? जमिनीलगत हल्ला ही कल्पना वेडगळ नव्हती. दोनच महिने आधी, मार्चमध्ये, पॅसिफिकमधल्या बिस्मार्क समुद्रात अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन विमानांनी पाण्याला लागून हल्ले करत जपानी ताफ्याची आठही मालवाहू जहाजं आणि चार विनाशिका बुडवल्या होत्या. त्यात बी-२५ सारखे मध्यम बॉम्बरच होते. स्वतःची विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी गेली. मग युरोपातल्या सेनापतीने तीच रीत वापरून बघितली, तर त्याला लगेच फाशी?

दुसरं, वीजकेंद्र उभं होतं. काम अर्धवट राहिलं तर परत जावं लागतं. युद्धात 'गेल्या वेळी भीती वाटली' हे कारण चालत नाही.

सातारकर

बिनतारीकाका, तिथे खुल्या समुद्रात जहाजं होती. इथे किनाऱ्यावर वर्षानुवर्षं पाय रोवलेल्या तोफा होत्या. एकाचं औषध दुसऱ्याला?

जुनी_फाइल

'त्यांच्याकडे काय होतं' या प्रश्नाचं उत्तर तर शेजारच्या तळावर होतं. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या वॉटन इथून १७ मे १९४० रोजी, हो, बरोबर तीन वर्षं आधी त्याच तारखेला, ब्रिटिश ८२ व्या स्क्वॉड्रनची १२ ब्लेनहाइम विमानं बेल्जियममधल्या जांब्लूला जर्मन फौजेवर गेली. पहारा नाही. आधी तोफांनी रचना फोडली, मग मेसरश्मिट लढाऊ विमानं तुटून पडली. ११ पडली, एक परतलं. स्क्वॉड्रन मोडीत काढायचा विचार झाला होता, प्रमुख पॅडी बँडनने हट्टाने ती टिकवली. नवीन माणसं, नवीन विमानं आली.

त्याच वर्षी १३ ऑगस्टला हीच स्क्वॉड्रन डेन्मार्कमधल्या ऑलबोरच्या विमानतळावर. पुन्हा १२. एक मागे वळलं. उरलेली ११ च्या ११ गेली. २० मेले, १३ कैदी. तीन महिन्यांत एका स्क्वॉड्रनचा दोनदा सफाया. ब्लेनहाइम ते लोक हलक्या बॉम्बरमध्ये धरत, पण दिवसाउजेडी, पहाऱ्याशिवाय, तोफांच्या तोंडी, हा प्रकार तंतोतंत तोच. वॉटनपासून बरी सेंट एडमंड्स पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. अमेरिकनांनी त्याच सरकारच्या पाहुणचारात राहून विचारलं असतं तर कुणी लपवलं नसतं.

बिनतारी

विचारलं नसेल असं तुम्ही धरून चालताय. विचारलं असेल आणि 'आमचं विमान वेगवान आहे, निसटेल' असंही ठरलं असेल. मरॉडर ब्लेनहाइमपेक्षा खरोखर वेगवान होतं. ही गफलत आहे, गुन्हा नाही.

लंकेचा_वारा

सगळे युरोपातच फिरताय. आपल्या दाराशी काय झालं ते कुणी काढत नाही. ९ एप्रिल १९४२, जपानी विमानवाहू जहाजांनी त्रिंकोमालीवर हल्ला चढवला. कोलंबोच्या रेसकोर्सवरच्या धावपट्टीवरून ब्रिटिश ११ व्या स्क्वॉड्रनची ९ ब्लेनहाइम थेट जपानी अॅडमिरल नागुमोच्या ताफ्यावर गेली. जमिनीलगत नाही हं, हजारो फूट उंचावरून. बॉम्ब अकागी या विमानवाहू जहाजाच्या आसपास पाण्यात पडेपर्यंत जपान्यांना पत्ताच नव्हता. म्हणजे हवी ती अवचित गाठ पडली होती. तरी एकही बॉम्ब लागला नाही, आणि ९ पैकी ५ विमानं गेली. चार ताफ्यावरच जपानी झीरो लढाऊ विमानांनी पाडली. पाचवं परतताना, हर्मिस हे ब्रिटिश विमानवाहू जहाज बुडवून येणाऱ्या जपानी विमानांच्या तावडीत सापडलं.

तेव्हा 'उंची वाढवली की प्रश्न सुटला' हे दुर्बीणवाल्यांचं गणित अर्धंच आहे. पहाऱ्याशिवाय उंचीही कामाची नाही. पण नऊच विमानं असलेल्या माणसाने करायचं काय होतं? घरात बसून राहायचं?

दुर्बीणवाला

नाही, तिथे जायलाच हवं होतं. शत्रूचा ताफा समोर आलेला, दुसरं काही हाताशी नव्हतं. आयमाउडेनचं वीजकेंद्र मात्र कुठे पळून जात नव्हतं. आठवडाभराने, पहाऱ्यासह, वरच्या उंचीवरून करता आलं असतं.

मृदुला_एम

वरच्या उंचीवरून टाकले असते तर डच कामगारांचं काय? विलंबी फ्यूज त्यांच्यासाठीच होते ना? ५० फुटांवरून बॉम्ब नेमका इमारतीत जातो, १२ हजारांवरून आजूबाजूच्या वस्तीत. याचा विचार कुणीच करत नाहीये. त्या ६० जणांचा जीव आणि केंद्राभोवतालच्या लोकांचा जीव एकाच तराजूत आला होता. विलंबी फ्यूजमुळे जर्मनांनाही बॉम्ब हटवायला अर्धा तास मिळाला, म्हणूनच दुसरी खेप लागली, असंही मानतात. म्हणजे दयेचीही किंमत या ६० जणांनीच भरली. तो निर्णय मी तरी चूक म्हणणार नाही. पण तो घेणारे विमानात नव्हते, एवढं नोंदवते.

जुनी_फाइल

विमानात असणाऱ्यांची मोजदादही सारखी होत नाही, मृदुलाताई. १२ मे १९४०, बेल्जियममधल्या अल्बर्ट कालव्यावरचे पूल. ब्रिटिश १२ व्या स्क्वॉड्रनच्या पाच फेअरी बॅटल विमानांनी हल्ला केला, सगळ्यात पुढच्या विमानात तिघे होते. वैमानिक गार्लंड आणि नॅव्हिगेटर ग्रे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तिसरा, मागे बसून गन चालवणारा लॉरेन्स रेनल्ड्स, त्याच क्षणी त्याच विमानात मेला. त्याला काहीच नाही.

बिनतारी

पदक निर्णय घेणाऱ्याला देतात. विमान पुलाकडे न्यायचं की वळवायचं हे गनरच्या हातात नव्हतं. कडू आहे, पण त्यात तर्क आहे.

सातारकर

काका, मग तोच तर्क उलटाही लावा की. पदक निर्णय घेणाऱ्याला, तर १७ मेच्या हुकमाचा जाबही निर्णय घेणाऱ्यालाच. गनरला एकीकडे पदक नाही, दुसरीकडे पॅराशूट उघडायला उंची नाही. दुर्बीणवाले, यापुरता मी तुमच्या बाजूला. विमानाबद्दल मात्र एक शब्द मागे घेत नाही, पंख वाढवले ते वाढवलेच.