हॉस्पिसची नोकरी घ्यावीशी वाटतेय पण भीती जात नाहीये, प्रार्थना करूनही

बदलापूर_लोकल

प्रभूची स्तुती असो मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज लिहितेय, हॉस्पिसच्या, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटना शेवटपर्यंत सांभाळतात तिथल्या नोकरीबद्दल. लांब होणार आहे, आधीच सांगते.

मी जीएनएम नर्स, ११ वर्षं झाली, त्यातली शेवटची ६ एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात. ओटीत पेशंट झोपलेला असतो, आपण ट्रे लावायचा, गॉज मोजायचे, केस संपली की तो बाहेर आणि आपण पुढच्या केसला. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. नर्सिंग आमच्या घरातच आहे, आजी मिरजेला वॉनलेस साहेबांच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेली, १८९४ ला सुरू झालेलं ते, आणि ती म्हणायची ड्युटी वेगळी आणि सेवा वेगळी, पगार मात्र एकीचाच मिळतो.

मागच्या वर्षी मम्मी गेली. ओव्हरीचा कॅन्सर. शेवटचे तीन आठवडे घरीच होती, कल्याणला भावाकडे, आणि होमकेअरची एक सिस्टर दिवसाआड यायची. ती मम्मीचं तोंड साफ करायची ते मी गॅलरीतून बघितलं. बोटाला गॉज गुंडाळून कोमट पाण्यात बुडवलं, आधी ओठ, मग गालाच्या आतून, मग जीभ, आणि प्रत्येक वेळी थांबून मम्मीच्या चेहऱ्याकडे बघायची, घाई म्हणून नाहीच. आणि मी, ११ वर्षांची स्टाफ नर्स, गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ते कपडे आधीच वाळलेले होते.

तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये की मला हेच काम करायचंय. पाचारण म्हणायला लाज वाटते, तो शब्द पाळकांसाठी असतो असं लहानपणापासून ऐकलंय, पण दुसरा शब्द सापडत नाही. दोन महिन्यांपूर्वी कळलं की वेस्टर्न लाइनला एका हॉस्पिसमध्ये जागा आहे. नंबर मिळवला, फोनमध्ये ‘केकवाली’ नावाने सेव्ह केलाय म्हणजे घरात कोणी विचारायला नको, आणि अजून लावलेला नाही.

भीती दोन आहेत. एक म्हणजे पगार ९ हजारांनी कमी होईल आणि फ्लॅटचा हप्ता चालू आहे. पण त्याचं काहीतरी करता येईल. दुसरी खरी. प्रत्येक बेडवर मम्मीच दिसली तर? तिथे तर गॅलरीत पळून पण जाता येणार नाही. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, भिऊ नको हे शास्त्रात कितीतरी वेळा आलंय, प्रार्थनेत राहा. राहतेय. सकाळी लेडीज डब्यात एका बाजूला बायकांचं भजन चालू असतं आणि मी खिडकीकडे तोंड करून २३ वं स्तोत्र म्हणते, आणि ‘मृत्युच्छायेच्या दरीतून’ आलं की पोटात खड्डा पडतो तो पडतोच.

तर भीती जात नाही म्हणजे हे बोलावणं देवाचं नाही असं समजायचं, की माझाच विश्वास कमी पडतोय? ज्यांनी असं काही सोडून दुसरं काही धरलंय त्यांनी प्लीज सांगा.

अग्निस्तंभ_७७

प्रेझ द लॉर्ड सिस्टर. २ तीमथ्य १:७ वाचा. देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेलाच नाही, मग ही भीती कुठून आली ते तुम्हीच ओळखा. ३ दिवस उपास करा आणि सोमवारी राजीनामा टाका. पेत्राने पाण्यावरून येशूकडे चालत जायला बोटीतून पाय खाली टाकताना हप्त्याचा विचार केला नव्हता. आमेन.

रात्रपाळी

अग्निस्तंभ भाऊ, पेत्र लगेच बुडायला पण लागला होता, तेही लिहा ना. आणि ते वचन ज्याला लिहिलं तो तीमथ्य बिचारा घाबरलेला असणार म्हणूनच पौलाला लिहावं लागलं, जो घाबरलाच नाही त्याला असं पत्र कोण पाठवतं. स्वतः पौल करिंथकरांना सांगतो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा भीत भीत आणि थरथरतच आलो होतो. त्याला सैतान लागला होता असं कोणी म्हणत नाही.

बदलापूर ताई, मी ७ वर्षं पॅलिएटिव्हला आहे, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करण्याचं काम, होमकेअर, धारावी ते मानखुर्द सगळं फिरून झालंय. तुला गोड गोड सांगणार नाही.

काम बहुतेक वेळ मरणाचं नसतंच, ते बद्धकोष्ठाचं असतं. हसू नको. दुखण्यावर मॉर्फिन चालू केलं की पोट साफ होत नाही, म्हणून गोळीबरोबर जुलाबाचं औषध पण द्यायचंच, आणि घरचे नेमकं तेच बंद करतात कारण ‘आधीच इतकी औषधं आहेत’. गोळी दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते, दुखायला लागल्यावर नाही, हे एकेका घरात दहा वेळा सांगावं लागतं. मग सवय लागेल का ही शंका. मग मामा येतो गावाहून आणि म्हणतो ज्यूस तरी पाजा, उपाशी मारताय का, आणि पेशंटला गिळता येत नसतं. मामाला बाजूला घेऊन समजवायचं हे पण आपलंच काम. शेवटच्या दिवसांत घशात घरघर लागते, ती ऐकून नातेवाईक सैरभैर होतात, पेशंटला बहुतेक तिचा त्रास होत नसतो, आपण कुशीवर वळवायचं आणि घरच्यांना जवळ बसवायचं. कान शेवटपर्यंत ऐकतात असं धरूनच आम्ही त्या खोलीत बोलतो.

आता भीतीचं. पहिल्या महिन्यात सायनला एका घरातून बाहेर पडून मी रिक्षात इतकी रडले की रिक्षावाल्याने मीटर बंद केला आणि पाणी दिलं. भीती गेली का विचारशील तर नाही गेली. अजून दार वाजवायच्या आधी मी चप्पल काढताना दोन सेकंद थांबते आणि मनात म्हणते प्रभू, तू आधी आत जा. एवढीच माझी प्रार्थना, लांबलचक कधी जमली नाही. आत गेल्यावर मात्र हातांना काम मिळतं, आणि हात एकदा कामाला लागले की बाकीचं मागे पडतं.

पण मला एक खरं सांग, मम्मी जाऊन नक्की किती महिने झाले? बऱ्याच ठिकाणी घरात नुकतं कोणी गेलं असेल तर वर्षभर थांबायला सांगतात. त्याचा विश्वासाशी काही संबंध नाही गं, जखम ओली असते एवढंच. आणि राजीनामा आधी टाकू नको. त्यांना विचार की दोन-तीन रविवार नुसतं बघायला येऊ का. चांगली जागा असेल तर नाही म्हणणार नाहीत. आणि हे पण विचार की पेशंट गेल्यावर स्टाफ एकत्र बसून बोलतो का. जिथे तेवढा वेळ पण देत नाहीत तिथे जाऊच नको.

बदलापूर_लोकल

ताई, चप्पल काढतानाचं वाचून रडले. आता घाटकोपर गेलं, अजून डोळे पुसतेय, शेजारची बाई बघतेय.

१४ महिने झाले.

आणि एक सांगायचं राहिलं, राहिलं म्हणजे लपवलंच. घरी मिस्टरांना यातलं काहीच माहीत नाही. ते कुरियर कंपनीत आहेत, त्यांचा पगार वेळेवर होईलच असं नसतं. त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगू?

वसईकर_डाबरे

अहो बाई, राजीनामा, उपास, दर्शन सगळं नंतर, आधी नवऱ्याला सांगा! मी पण नवराच आहे म्हणून कळवळून सांगतोय. आमच्या हिने एकदा माहीमची नऊ बुधवारांची नोव्हेना पूर्ण केली, रांगेत उभी राहून, पावसात, आणि दहाव्या आठवड्यात मला सांगितलं की ती शाळेची नोकरी सोडून गतिमंद मुलांच्या वर्गावर जाणार. मला राग नोकरीचा नाही आला, नऊ आठवडे मदर मेरीला माहीत होतं आणि मला नाही याचा आला. बाकी तिने केलं ते बरोबरच केलं. आजही घरी येते ती दमून येते पण चिडून येत नाही.

गिरगावकर_काका

मुली, मी ६८ वर्षांचा, बँकेतून रिटायर, आमच्या मंडळीचे हिशेब २६ वर्षं माझ्याकडे आहेत म्हणून आधी हिशेबाचं बोलतो. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या असं स्वतः प्रभूनेच सांगितलंय, लूक १४. तेव्हा हप्त्याचा विचार करणं म्हणजे अविश्वास नव्हे. कागद घे, दोघांचा पगार, हप्ता, पास, शाळेची फी लिही. किती महिने रेटता येईल बघ. आकडा समोर आला की अर्धी धाकधूक कमी होते, हा माझा बँकेतला अनुभव.

आता दुसरं. नहेम्याचं पुस्तक काढ. तो शूशन शहरात पारसाच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला पेला देणारा, चांगली नोकरी होती. यरुशलेमेचा तट पडलाय अशी बातमी किसलेव महिन्यात आली, आणि तो राजाशी बोलला नीसान महिन्यात. म्हणजे चार महिने तुझ्यासारखाच नंबर सेव्ह करून बसला होता म्हण. मग राजाने विचारलं तोंड का उतरलंय, तर तो लिहितो की मी फार घाबरलो. लपवत नाही. त्याच घाबरलेल्या अवस्थेत मनातल्या मनात प्रार्थना केली आणि लगेच काय मागितलं तर प्रवासासाठी सुभेदारांच्या नावे पत्रं, आणि राजाच्या रानाचा अधिकारी आसाफ याच्या नावे लाकडाची चिठ्ठी! आसाफचं नावसुद्धा त्याला पाठ होतं. चार महिने तो नुसता रडत बसला नव्हता, चौकशी करत होता.

आणि तुझ्या कामाचं म्हणशील तर हॉस्पिस ज्या बाईमुळे आज जगभर आहेत त्या सिसली सॉन्डर्सबद्दल वाच. लंडनची, मूळची नर्स, पाठीच्या दुखण्याने नर्सिंग सुटलं तर हॉस्पिटलात सामाजिक कार्यकर्ती झाली. तिथे वॉर्साहून आलेला डेव्हिड तास्मा नावाचा ज्यू पेशंट मरायला टेकलेला, तो तिला म्हणाला मी तुझ्या घराची एक खिडकी होईन, आणि जाताना ५०० पौंड ठेवून गेला. हे १९४८ साल. नंतर एका सर्जनने तिला सांगितलं की मरणाऱ्यांकडे पाठ फिरवतात ते डॉक्टर, तेव्हा तू डॉक्टरच हो. तिशी उलटल्यावर ती मेडिकलला गेली, १९५७ ला डॉक्टर झाली, आणि सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं १९६७ ला. खिडकी आधी मिळाली, तिच्याभोवती घर व्हायला १९ वर्षं लागली. बाई पक्की ख्रिस्ती, हे सगळं तिने प्रभूचं बोलावणं समजूनच केलं. आपल्याकडे बांद्र्याला शांती आवेदना सदन निघालं ते १९८६ ला, देशातलं पहिलं.

आता माझंच सांगतो, इथे नाव कळत नाही म्हणून. १९८४ ला मला पाळक व्हायला पुण्याला सेमिनरीत जायचं होतं. फॉर्म भरून टपाल पेटीपर्यंत गेलो होतो, ठाकूरद्वारच्या. वडील आजारी, बहिणीचं लग्न, कारणं खरी होती. पण घरी येऊन मी सांगितलं की देवाची इच्छा दिसत नाही. इच्छा देवाची होती की नव्हती मला आजही माहीत नाही, घाबरलो मी होतो. आयुष्य वाईट गेलं नाही. फक्त ते पाकीट अजून कपाटात आहे, तिकिटासकट.

अग्निस्तंभ_७७

काका, पाकिटाचं वाचून गप्प झालो. सिस्टर, सोमवारचं मागे घेतो. प्रार्थनेत तुमचं नाव ठेवलंय, म्हणजे बदलापूर लोकलच म्हणतो, प्रभूला कळेल.

बदलापूर_लोकल

तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी, आणि सगळ्यांना थँक्यू.

मिस्टरांना सांगितलं. मेथी निवडत होतो तेव्हा, समोरासमोर डोळ्यात बघून जमलं नसतं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, मला वाटलं तू आजारी आहेस आणि सांगत नाहीयेस, दोन महिने झोपेत स्तोत्र म्हणतेस. मग उठून पाकिटावर पेनने हिशेब मांडला. काका, आकडा तुम्ही म्हणता तसाच निघाला, म्हणजे वाईट पण जमण्यातला. मुलाची कराटे बंद होणार, सध्या हा घरातला मोठा इश्यू आहे.

केकवालीला फोन लावला. मेट्रनने स्वतः उचलला आणि म्हणाली रविवारी ये, मदत म्हणून ये, लगेच काही ठरवू नको. मागच्या रविवारी उपासना बुडवून गेले. पहिला अर्धा तास मी नुसत्या चादरी घड्या करत होते, आणि मला कळत होतं की ही माझी गॅलरीच आहे, फक्त पत्ता बदललाय. मग मेट्रनने हाक मारली आणि वाटी आणि गॉज हातात दिलं. कोपऱ्यातल्या बेडवर एक आजी, मालवणच्या. माझा हात इतका थरथरत होता की पाणी त्यांच्या गळ्यावर सांडलं. मम्मी दिसली का, तर हो दिसली, रात्रपाळी ताई, अगदी दिसली, ओठांचा कोपरा तसाच फाटलेला. मी थांबले. तू आधी जा म्हटलं. मग जीभ साफ केली, बराच वेळ लागला, आणि त्या आजींनी डोळे उघडून पहिलं वाक्य काय बोलावं, ‘बांगडे खाल्लंस काय गो सकाळीच? हाताक वास येता.’ शनिवारचे होते, लिंबू लावून धुतले होते तरी.

पुढच्या दोन रविवारी जाणार आहे, मग ठरवू. रात्रपाळी ताई, ते स्टाफ एकत्र बसून बोलण्याचं विचारलं, दर शुक्रवारी बसतात म्हणाल्या. नर्सेससाठी पॅलिएटिव्हचा एखादा छोटा कोर्स नोकरी करता करता होतो का, ते पण जरा सांग. आणि बांद्र्याहून रात्री नऊनंतर निघून दादरला बदलापूर किंवा कर्जत पकडणारं इथे कोणी आहे का, लेडीज डब्यात त्या वेळी पोलीस असतात ना?