पुराच्या बोटीत एकच जागा उरली तर: माणूस की आपला कुत्रा?

नदीकाठची
आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. घरात 78 वर्षांच्या सासूबाई, दोन मुलं, 28 किलोचा कुत्रा, एक मांजर. गोठ्यात दोन म्हशी. पाणी चढायला लागलं की दरवर्षी तोच वाद: बोट आली आणि कुत्र्याला घेत नाही म्हणाले तर? सासूबाई म्हणतात, तो नाही तर मीही नाही. मला त्याहून अवघड प्रश्न पडतो. बोटीत एकच जागा आहे आणि पलीकडच्या छपरावर कुणी अनोळखी माणूस अडकलाय. त्याच्यासाठी नऊ वर्षं घरात वाढलेला जीव मागे ठेवायचा, हे बरोबर कसं? आणि न ठेवणं तरी बरोबर कसं? "माणूस शेवटी माणूस" एवढंच उत्तर नको. ही वेळ येऊ नये म्हणून काय करायचं आणि आलीच तर नेमकं काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं.

वल्हेकरी
ताई, आधी शेवटच्या जागेचं बोलतो. ती माणसाची. अनोळखी असला तरी त्याचीच. कुणाचा कुणावर किती जीव आहे हे बोटीवरच्या माणसाला मोजता येत नाही, आणि त्यानं मोजूही नये. "हा कुणाचा?" असं विचारून तो जागा द्यायला लागला, तर ज्याचं बोटीत कुणी नाही तो छपरावरच राहील. दुसऱ्या गावच्या बोटीसाठी तुमची मुलंही अनोळखीच आहेत.

पण बहुतेक वेळा प्रश्न जागेचा नसतोच. बोट 28 किलोंनी बुडत नाही, हालचालीनं बुडते. रबरी बोटीत जवान धरून साधारण आठ-दहा जण बसतात. घाबरलेला कुत्रा एका काठाकडे झेपावतो, त्याला धरायला दोघं त्याच बाजूला वाकतात आणि सगळा भार एकीकडे जातो. त्यात पाण्याखाली झाडाच्या फांद्या, विजेच्या तारा, कुंपणं. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. जवान "कुत्रा नको" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हेच असतं.

म्हणून कुत्रा "बसवता येण्यासारखा" असला तर नाही म्हणण्याचं कारणच कमी होतं. तोंड बांधलेलं हवं. सव्वा मीटरची सुती पट्टी किंवा ओढणी घ्या, नाकाच्या दांड्यावर फास, हनुवटीखाली गाठ, टोकं कानांमागे नेऊन सुटणारी गाठ. हे फक्त चढताना-उतरताना आणि त्या थोड्या प्रवासापुरतं, कारण तोंड बांधलेलं असताना कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करता येत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला किंवा उलटी होत असेल तर मुळीच बांधू नका. आधी तुम्ही बसा, मग कुत्रा, बोटीच्या तळाला, तुमच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. पट्टा हातात आखूड धरा. मनगटाला, कमरेला किंवा बोटीच्या कडीला गुंडाळू नका. बोट उलटली तर तोच पट्टा दोघांना खाली ओढतो.

आणि पाण्यात पडलेल्या कुत्र्यामागे उडी टाकायची नाही. बुडणारा कुत्रा आधारासाठी माणसाच्या खांद्यावर चढतो. काठी, दोर, रिकामा कॅन जे असेल ते पुढे करा, आवाज देत राहा. तुम्ही उडी मारलीत की तुम्हाला काढायला तिसरा उतरणार, आणि त्याला या निवडीबद्दल कुणी विचारलेलंच नसतं.

दूरदेशी
वल्हेकरींचं शेवटच्या जागेबद्दलचं म्हणणं पटतं, तरी एक बाजू सुटतेय. "माणूस आधी, जनावरांचं नंतर बघू" असं धोरण ठेवलं की माणसंच मरतात. ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सला बऱ्याच निवाऱ्यांत आणि सुटकेच्या बसमध्ये कुत्र्या-मांजरांना मज्जाव होता. परिणाम असा की कित्येकांनी घरच सोडलं नाही. तुमच्या सासूबाई म्हणतात तेच त्यांनी केलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2006 मध्ये, अमेरिकेत कायदा झाला: राज्यांच्या आणि स्थानिक यंत्रणांच्या आपत्ती आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय असलीच पाहिजे. हा कायदा प्राण्यांवरच्या दयेइतकाच माणसं वाचवण्यासाठीही आहे.

तुमचा मूळ प्रश्न वेगळा आहे. कुत्र्याचं ऋण खरं आहे. त्याला आपण पाळलं, दाराला बांधलं, स्वतःचं पोट भरण्याची त्याची सवय मोडली. त्यामुळे त्याची जबाबदारी आपलीच, दुसऱ्या कुणाची नाही. पण आपलं ऋण आपण आपल्या वेळेतून, पैशातून, कष्टातून फेडायचं. छपरावरच्या माणसाच्या जिवातून नाही. ते फेडायची खरी वेळ म्हणजे पाणी चढायच्या आधीचे दोन दिवस.

पशुवैद्य_मिरज
त्या दोन दिवसांचंच सांगतो. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका 45. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची 39 आणि 43. लोक धोक्याच्या आकड्याची वाट बघतात, ती चूक. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तुमच्याकडे दोन्ही नद्यांचं पाणी येतं, तेव्हा राजारामला 39 ची बातमी आली की म्हशी, कुत्रा, मांजर आणि सासूबाई एकाच फेरीत उंचावरच्या पाहुण्यांकडे. ट्रॅक्टर रस्त्यानं जातोय तोवरच. जनावरांची छावणी कुठे आहे ते जिल्हा आपत्ती कक्षाच्या 1077 वर विचारून ठेवा.

म्हशींना आधी कानातला बारा आकडी बिल्ला मारून घ्या आणि बिल्ला दिसेल असा फोटो मोबाइलवर ठेवा. 2022 पासूनच्या आपत्ती निकषांप्रमाणे दुभती म्हैस गेली तर 37,500 रुपये मिळतात, पण पंचनाम्याला पुरावा लागतो आणि पुरात मेलेलं जनावर वाहून गेलेलं असतं. कुत्र्याला त्या यादीत जागा नाही.

म्हशी हलवता आल्याच नाहीत तर दावी कापा. म्हैस चांगली पोहते. पुरात ती बुडते कारण दावणीला बांधलेली असते. नुसतं दावं सोडून भागत नाही, लोंबणारा कासराही काढा, नाहीतर तो झाडात अडकतो आणि जनावर तिथंच धडपडून दमतं. गोठ्याचं फाटक सताड उघडं ठेवा.

मांजरासाठी पिंजरा नसेल तर भाजीमंडईतले दोन जाळीदार क्रेट घ्या, एकावर एक उपडा, चारही कोपऱ्यांत सुतळी. आत जुनी चादर. पोत्यात घालू नका, भिजलं की गुदमरतं. सोबत लसीचं कार्ड आणि आठवडाभराचं खाणं झाकणाच्या बरणीत. रेबीजची लस चालू असलीच पाहिजे. घाबरलेला कुत्रा मालकालाही चावतो. चावलाच तर जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुराच्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो, कुत्र्याची ती लसही पावसाळ्याआधी होऊ द्या.

नदीकाठची
मनापासून आभार. पटलं, पण एक राहिलंच. समजा पाणी रात्रीत आलं, बोट आली, आणि खरंच त्याला ठेवूनच जावं लागलं. तेव्हा?

पशुवैद्य_मिरज
साखळी काढा, सगळ्यात आधी. गळपट्टा राहू द्या, त्यावर पक्क्या शाईनं मोबाइल नंबर. मोरीत किंवा खोलीत कोंडू नका, जिन्याचं आणि गच्चीचं दार उघडं ठेवून दगडानं अडवा. कोरडं खाणं गच्चीवर तीन-चार ठिकाणी, आडोशाला. पाण्याच्या दोन बादल्या, कारण पुराचं पाणी पिऊन तो आजारी पडेल. बाहेरच्या भिंतीवर, पाण्याच्या वर राहील इतक्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत: गच्चीवर कुत्रा आहे, त्याचं नाव, चावतो की नाही, आणि तारीख. बोटीतल्या जवानाला तोंडानंही सांगा, आणि निवाऱ्यावर पोचल्यावर नियंत्रण कक्षात नोंद करा. माणसं काढून झाली की बोटी परत फिरतात, तेव्हा ती नोंद उपयोगी पडते.

वल्हेकरी
सासूबाईंना हे सगळं आज वाचून दाखवा, पाणी नसताना. दारात बोट हलत असते तेव्हा समजावायला दोन मिनिटंही मिळत नाहीत. कुत्रा मागे राहिला तर त्याच्यासाठी काय काय करायचं ठरलंय हे त्यांना आधी कळलं, तर त्यांचा पाय निघेल. तोंडाची पट्टी बांधायचा सरावही त्यांच्याच हातून करून घ्या. त्यांच्या हातून तो बांधून घेईल.