स्पेनच्या संसदेतले इयरफोन: भाषेचा हक्क की सात मतांचा सौदा?

मूळ धागा
१९ सप्टेंबर २०२३ रोजी माद्रिदमध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहात कॅटलान, बास्क आणि गॅलिशियन भाषांतील भाषणांना प्रथमच मुभा मिळाली आणि भाषांतर ऐकण्यासाठी सदस्यांना इयरफोन देण्यात आले. अतिउजव्या वॉक्स पक्षाचे सदस्य निषेध म्हणून उठले आणि बाहेर पडताना आपले इयरफोन पंतप्रधान सांचेझ यांच्या रिकाम्या आसनावर टाकून गेले. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात ज्या भाषा शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार झाल्या होत्या, त्यांना १९७८ च्या राज्यघटनेने आपापल्या प्रांतांत सहअधिकृत दर्जा दिला खरा, पण प्रतिनिधी राजधानीत पोहोचला की त्याची भाषा दाराबाहेरच राहत असे. माझ्या मते हा निर्णय ४५ वर्षे उशिरा झाला.

प्रतिसाद १
मुहूर्त पाहा. जुलैच्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. १७ ऑगस्टला समाजवादी पक्षाच्या आर्मेंगोल या सभागृहाच्या सभापती झाल्या त्या कॅटलोनियातील फुटीरतावादी खुंट्स पक्षाच्या सात मतांच्या आधारावर, आणि या भाषांना मुभा देण्याची घोषणाही त्याच दिवशी झाली. घटनेच्या कलम ३ नुसार स्पॅनिश येणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. समोरच्याची भाषा कळत असताना कानात दुभाषी कशाला?

मूळ लेखकाचे उत्तर
सौदा झाला हे मला मान्य आहे, परंतु सौद्यात मिळाला म्हणून हक्क खोटा ठरत नाही. त्या दिवशी पहिले भाषण गॅलिशियनमध्ये झाले आणि ते करणारे बेस्तेइरो हे सत्ताधारी समाजवादी पक्षाचे होते, फुटीरतावादी नव्हेत. गंमत म्हणजे, या बदलाला विरोध करणाऱ्या उजव्या पॉप्युलर पार्टीचे सेम्पर स्वतःच मधूनमधून बास्क बोलले! आपल्या लोकसभेत हिंदी येणारा खासदार मराठीत बोलला तर आपण त्याला हाच प्रश्न विचारतो का?

प्रतिसाद २
ही तुलना टिकत नाही, कारण आपल्याकडे सर्वांना येणारी एक भाषाच नाही. स्पेनमध्ये ती आहे.

प्रतिसाद ३
दोघांच्याही बोलण्यात २०१० राहून गेले. कॅटलोनियाच्या जनतेने २००६ मध्ये सार्वमताने संमत केलेल्या स्वायत्तता कायद्यातून घटना न्यायालयाने २०१० मध्ये जे काढून टाकले, त्यात प्रशासनात कॅटलानला ‘प्राधान्याची’ भाषा म्हणणारा शब्दही होता. निकालानंतर बार्सिलोनाचे रस्ते माणसांनी भरून गेले, आणि स्वातंत्र्यासाठीच्या २०१७ च्या बेकायदा ठरलेल्या सार्वमतापर्यंतची वाट तिथूनच निघाली, असे मानणारे बरेच आहेत. एका शब्दाची एवढी किंमत मोजल्यावर इयरफोनवरून वाद घालणे मला कोतेपणाचे वाटते.

प्रतिसाद १ चे लेखक
तो शब्द काढला, हे योग्यच झाले. आंदालुसियासारख्या प्रांतांतून पोटापाण्यासाठी बार्सिलोनाच्या उपनगरांत आलेल्या कुटुंबांची मुले-नातवंडे आजही घरी स्पॅनिशच बोलतात, आणि खुद्द कॅटलोनियात रोजच्या व्यवहारात स्पॅनिश वापरणारे कॅटलान वापरणाऱ्यांपेक्षा अधिक आहेत. कॅटलानला प्राधान्य म्हणजे त्यांना दुय्यमत्व, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. संसदेतले भाषांतर मात्र कोणाचे काही हिरावून घेत नाही, एवढे मी मान्य करतो. माझा आक्षेप त्या १७ ऑगस्टला आहे.