औदे ग्यूझ: बाटली खराब झालीय की ही बिअर अशीच आंबट असते?

केळीवाला_रावेर
भाचा बेल्जियममध्ये ल्युवेनला शिकायला आहे. दिवाळीला आला तेव्हा दोन बाटल्या घेऊन आला. जाड हिरवी काच, बूच, वरून तारेची जाळी. लेबलवर 'औदे ग्यूझ'. मला बिअर माहीत ती थंडगार, कडसर, शेतातून आलं की घटाघटा प्यायची. ही उघडली अन् पहिला वास आला तो गोठ्याचा! ओला कडबा, बैलाच्या गळ्यातला जुना चामडी पट्टा. पहिल्या घोटाला जबडा आखडला. मग कच्चं सफरचंद, लिंबाची साल आणि शेवटी जिभेवर लाकडासारखी तुरट चव. गोडवा नावाला नाही. तरी ग्लास संपवला, हे विशेष.

भाचा म्हणतो, वाइनच्या जुन्या पिंपात मुरवतात. मुरवतात की सडवतात? दुसरी बाटली शिल्लक आहे. उन्हाळ्यापर्यंत ठेवू का? सोबत खायला काय करू? घरून हुकूम आहे की फ्रिजमधली जागा मोकळी करा.

धुळ्याचा_गेंटकर
दादा, बाटली ठणठणीत आहे. तो गोठा म्हणजेच माल अस्सल असल्याची खूण.

ग्यूझ बनते लॅम्बिकपासून, ब्रुसेल्स आणि त्याच्या शेजारच्या पायोटनलँड भागात. त्यात बार्लीच्या माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेले दाणे) साधारण तिसरा हिस्सा कच्चा गहू असतो. उकळलेला रस उथळ, उघड्या तांब्याच्या हौदात रात्रभर निवायला ठेवतात. यीस्ट कोणी टाकत नाही. हवेतून, लाकडातून जे येईल ते. म्हणून हे काम ऑक्टोबर ते एप्रिल एवढंच चालतं. उन्हाळ्यात नको ते जंतू माजतात. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं, मुद्दाम जुनी, कडवटपणा उतरलेली वापरतात, कारण ती फक्त राखणदारीला, बिअर नासू नये म्हणून.

तुमच्या घरी कुरडयांचा गहू भिजत घालतात ना? तिसऱ्या दिवशी त्या पाण्याला जो आंबूस वास सुटतो, तसंच इथलंही काम: लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू. फक्त इथे तीन दिवसांऐवजी तीन वर्षं.

पिंपाचं म्हणाल तर नव्या ओकचा वास बिअरवर चढून बसतो. वाइनवाल्यांनी वापरून झालेल्या पिंपाचा तो जोर ओसरलेला असतो. लाकडातून हवा अगदी थोडी झिरपते आणि फटींमध्ये जंतूंची वसाहत टिकून राहते. ब्रुसेल्सच्या अँडरलेख्तमध्ये कांतियों म्हणून 1900 सालची ब्रुअरी आहे, तिथे मी अशा पिंपांच्या रांगांमधून फिरलोय. कोळ्यांची जाळीही झाडत नाहीत. कोळी माश्या खातो, म्हणून त्याला अभय. शेवटी एक, दोन आणि तीन वर्षांचं लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरतात. कोवळ्यात थोडी साखर उरलेली असते, तिच्यावर बाटलीत पुन्हा आंबवण होते आणि फेस धरतो. खरी कसब त्या मिसळण्यात आहे, माझ्या मते बनवण्यापेक्षाही जास्त.

थंड, अंधाऱ्या तळघरात ही वर्षानुवर्षं टिकते. पण रावेरचा मे महिना म्हणजे 45 अंश. माळ्यावर अजिबात ठेवू नका. फ्रिजमध्येच, जमल्यास उभी. पिण्याआधी थोडा वेळ बाहेर काढा. 12-13 अंशांना वास मोकळा होतो. ओतताना तळचा गाळ हलवू नका.

अहिराणी_भाऊ
भो, आंबट पेवासाठे बेल्जियमलोंग कसाले जानं? आमना घर ताक शे ना.

जळगावची_मायक्रोबायो
गोठ्याच्या वासाला जबाबदार ब्रेटॅनोमायसिस, थोडक्यात ब्रेट, नावाचं यीस्ट. 1904 मध्ये कार्ल्सबर्गच्या क्लॉसेन यांनी ते इंग्लिश बिअरमधून वेगळं काढलं. गंमत अशी की वाइनवाले याच यीस्टला घाबरतात. तिथे हा वास आला की बहुतेक जण दोष मानतात. लॅम्बिकवाले त्याच्याच जिवावर जगतात.

खरंच बिघडलेली कशी ओळखायची? व्हिनेगर नाकात चढलं किंवा नेलपॉलिशसारखा वास आला, तर हवेने घात केला समजा. तुम्ही सांगितलेल्या वर्णनात तसं काही नाही.

केळीवाला_रावेर
नेलपॉलिश नव्हतं, हुश्श. मग दुसरी शेवभाजीबरोबर उघडू?

धुळ्याचा_गेंटकर
शेवभाजी नको हो! काळ्या मसाल्याचा तिखटपणा, वर आम्ल आणि फेस. जीभ भाजून निघेल अन् बिअरची चव कळणारच नाही. तळलेले बिबडे, खारे शेंगदाणे नाहीतर चीज घ्या.

जळगावची_मायक्रोबायो
मी मात्र भरीत म्हणेन. मिरची निम्मी, तेल नेहमीसारखं सढळ. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि ब्रेट यांचं छान जमेल. आणि हे फारच आंबट वाटलं तर भाच्याला पुढच्या खेपेला वेस्ट फ्लँडर्सची रोडेनबाख ग्रां क्रू सांगा. तीही ओकमध्ये मुरते, पण भल्यामोठ्या उभ्या पिंपांत. लाल रंग, चेरीसारखी चव, थोडी गोडसर. घरच्यांनाही चालेल.

केळीवाला_रावेर
भरीत ठरलं. वांगी बामणोदची आणतो.