अत्याचाराच्या बातमीत जात लिहायची की गाळायची?

शाईपेन
दलित वस्तीवर हल्ला झाला की मथळा ठरलेला: 'किरकोळ वादातून दोन गटांत हाणामारी'. फिर्याद वाचली तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(आर) किंवा (एस) लागलेलं असतं, म्हणजे चारचौघांत जातीवरून अपमान किंवा शिवीगाळ केल्याची तक्रार. तक्रारीचा गाभाच जात असेल तर ती गाळून बातमीत उरतं काय? आणि लिहिली तरी ती मार खाणाऱ्याचीच: 'दलित युवकाला मारहाण'. मारणारा वाक्यातच नाही. लिहायची तर दोन्ही बाजूंची लिहा.

तिसरा रकाना
मला हे पटत नाही. गुन्ह्याशी संबंध नसेल तर आरोपी किंवा पीडित यांची ओळख जातीने करून देऊ नये, असं प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात. ते उगाच नाही. तालुक्याच्या पानावर गाव आणि आरोपींची जात शेजारी छापली की पाच जणांचा गुन्हा अख्ख्या जातीच्या अंगावर येतो. मग आरोपींच्या बाजूने बैठका, आणि पीडित कुटुंबाला शेतावर काम बंद, किराणा बंद. गावात राहायचं त्यांनाच असतं.

शाईपेन
निकषातले शब्द पुन्हा बघा: 'संबंध नसेल तर'. कलम लागलं तिथे संबंध फिर्यादीतच आलेला आहे. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांचं हत्याकांड २९ सप्टेंबर २००६ चं. सुरुवातीच्या बातम्यांनी कारण दिलं 'अनैतिक संबंध'. जातीचा मुद्दा ठळकपणे यायला नोव्हेंबर उजाडला, लोक रस्त्यावर उतरल्यावर.

कलमदान
खैरलांजीचं पुढचंही सांगा. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असं म्हटलं. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही ते बदललं नाही. तो निकाल अनेकांना आजही मान्य नाही, ते समजू शकतं. तरी पहिल्या दिवशी 'जातीय हत्या' हे विधान बातमीदाराने आपल्या तोंडी घेऊ नये. 'फिर्यादीत म्हटलं आहे' असं लिहा.

ओळंबा
चालेल, पण तेच माप सगळीकडे लावा. 'चोरट्यांनी दागिने लांबवले' यात 'कथित' कुठे असतं? 'कथित जातिवाचक शिवीगाळ' यात मात्र हटकून. दुसरा शब्द 'अ‍ॅट्रॉसिटी टाकली'. खुनाचा गुन्हा कोणी 'टाकत' नाही, तो दाखल होतो. 'टाकली' ही आरोपीची भाषा आहे आणि ती बातमीत जशीच्या तशी उतरते.

आकड्यांतही तेच. सुटकेचं प्रमाण दाखवून 'खोटे गुन्हे' असा मथळा दिला जातो. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या तक्त्यांत तपासाअंती खोटी ठरलेली, खरी पण पुरावा अपुरा असलेली आणि न्यायालयात सुटका झालेली प्रकरणं वेगवेगळी मोजलेली असतात. साक्षीदार फिरला म्हणून सुटलेला खटला 'खोटा' नसतो.

मथळा कोण ठरवतं हेही पाहा. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांच्या २०१९ च्या अहवालात तपासलेल्या माध्यमांत नेतृत्वाची १२१ पदं होती. १०६ उच्च जातींकडे, अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नाही.

कलमदान
पदं भरायला वर्षं लागतील. 'टाकली' हा शब्द आज रात्रीच्या पानातून काढता येतो. त्यासोबत पाठपुरावा हवा: तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला का, ६० दिवसांत आरोपपत्र आलं का. कायद्यातल्याच या दोन गोष्टी, पण पाठपुराव्याची बातमी सहसा येतच नाही.

तिसरा रकाना
'कथित' आणि 'टाकली' याबद्दल ओळंबा यांचं मान्य. मात्र बलात्काराच्या बातमीत मी मागे हटणार नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ पीडितेची ओळख उघड करायला मनाई करतं. नाव गाळलं, पण गाव, जात आणि 'अमुकच्या शेतावर कामाला' एवढं छापलं तर नाव छापल्यासारखंच झालं.

शाईपेन
तिथे गाव काढा, शेत काढा. जिल्हा आणि जात ठेवा. नाहीतर जातीमुळे झालेला बलात्कार नुसता 'नराधमाचं कृत्य' होऊन जातो.

तिसरा रकाना
त्या आठवड्यात जिल्ह्यात असा एकच गुन्हा असेल तर तेवढ्यानेही माग लागतो. पीडिता अल्पवयीन असेल तर पोक्सोच्या (बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या) कलम २३ मधल्या मनाईत कुटुंब, शाळा, शेजार आणि ओळख पटवणारा कुठलाही तपशील येतो. अशा बातमीत पहिल्या दिवशी फक्त 'अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमंही लावली आहेत' एवढं वाक्य द्या. जात आरोपपत्राच्या बातमीत, तीही ओळख पटणार नाही याची खात्री झाल्यावरच.